माळ्यावर शिडी की जिना? आधी वर चढून बघा

माळ्याला शिडी ठेवायची की जिना करायचा, असा प्रश्न निघाला की टेप बाहेर येते आणि खालच्या खोलीतली मोकळी जागा मोजली जाते. खाली जागा आहे ना, मग जिना. नाही ना, मग शिडी. हा हिशेब अर्धाच आहे आणि बहुतेक चुका उरलेल्या अर्ध्यात होतात. टेप घेऊन आधी माळ्यावर चढा. शिडी असो वा जिना, माणूस वर जिथे बाहेर पडतो तिथे छत किती उंच आहे, धरायला काय आहे आणि भोक पाडताना किती तुळया कापाव्या लागतील, यावरच निर्णय होतो.

गोव्यातल्या कौलारू घरात हे फार लवकर समजते, कारण छप्पर उतरते असते. एक उदाहरण धरू. छपराचा उतार ३० अंश, आणि बाहेरच्या भिंतीचा माथा माळ्याच्या तक्तपोशीपासून (फळ्यांच्या तळापासून) ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट वर. भिंतीपासून आत येताना दर मीटरला छप्पर साधारण ५८ सेंटिमीटर चढते. जिन्याने वर येणारा माणूस ताठ चालत येतो, त्याला वाशांच्या खाली निदान १.९ मीटर हवेत. ही उंची भिंतीपासून सव्वादोन मीटर आत आल्यावर मिळते. शिडीने येणारा वाकून, हात टेकून येतो. त्याला १.२ मीटर पुरतात, आणि ते भिंतीपासून एका मीटरवरच मिळतात.

म्हणजे जिना घराच्या मध्याकडे, आढ्याखाली सरकतो आणि खाली तो नेमका वसऱ्यात किंवा देवघरासमोर उतरतो. शिडी कडेला, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात राहू शकते. भिंतीला चिकटून जिना काढू म्हणणाऱ्याला हे आधी सांगितलेले बरे. नाहीतर शेवटच्या तीन पायऱ्यांवर रोज वाशाशी कपाळमोक्ष ठरलेला. आपल्या घराचा आकडा काढायला ओळंबा पुरतो: वाशाच्या खालच्या कडेवरून तो सोडा, तक्तपोशीपर्यंतची उंची मोजा आणि जिथे १.९ आणि १.२ मीटर मिळतात तिथे खडूने दोन रेघा मारा. पुढची सगळी चर्चा या दोन रेघांवर करा.

जिना किती जागा खातो

माळ्याची उंची २.७ मीटर धरू. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातल्या जिन्याची पायरी १९० मिमीपेक्षा उंच नको आणि पाऊल ठेवायची जागा २५० मिमीपेक्षा कमी नको. २७०० चे १५ भाग केले की एकेक चढ १८० मिमीचा येतो. चढ पंधरा, पायऱ्या चौदा, कारण पंधरावी पायरी म्हणजे माळाच. चौदा गुणिले २५० म्हणजे साडेतीन मीटर सरळ लांबी. चढाची दुप्पट अधिक पायरीची रुंदी ६०० ते ६४० मिमीत बसली की चाल सहज पडते. इथे ती ६१० येते, म्हणजे ठीक.

आता वरचा खर्च बघा, कारण तो कोणी धरत नाही. चढताना डोक्यावर निदान दोन मीटर मोकळे हवेत आणि माळ्याची जाडी १५ सेंटिमीटर आहे. एकूण २.१५ मीटर, म्हणजे वरून मोजलेल्या बारा पायऱ्यांवर डोक्याशी तक्तपोशी असता कामा नये. बारा गुणिले २५० म्हणजे तीन मीटर लांब भोक. रुंदी ८० सेंटिमीटर धरली तरी माळ्याचे पंचवीस-सव्वीस चौरस फूट गेले, त्याच्याभोवती कठडा आला आणि कठड्याला चिकटून काही ठेवता येत नाही ते वेगळेच. लहान माळ्याला जिना केल्यावर वर उरते ती बहुतेक जिन्याचीच जागा. ट्रंका ठेवायला जिना बांधला आणि ट्रंकांना जागा उरली नाही, असे व्हायला वेळ लागत नाही.

भोक कुठल्या दिशेला, हेही इथेच ठरवायचे. तुळया ४५ सेंटिमीटरवर असतील आणि तीन मीटरचे भोक त्यांना समांतर घेतले, तर एखादीच तुळई कापावी लागते. आडवे घेतले तर सहा कापल्या जातात, आणि मग तो माळा नव्याने बांधल्यासारखाच होतो. कापलेल्या तुळईचे टोक नुसत्या खिळ्यांवर लटकवू नका. त्याच जाडीचा आडवा लाकडी बार घाला, भोकाच्या दोन्ही बाजूंच्या तुळया जोडीच्या करा आणि १२ मिमी बोल्टने आवळा. सिमेंटच्या स्लॅबला भोक पाडायचे असेल तर आधी इंजिनियर, मग ब्रेकर. कुठली सळई कापली गेली हे नंतर कळून उपयोग नसतो.

लोखंडी जिना घेतलात तर वजनही मोजा. दोन बाजूंना १५० मिमीचे चॅनेल, प्रत्येकी साडेचार मीटरच्या आतबाहेर, आणि ७५ सेंटिमीटर रुंद, ५ मिमी जाड चेकर्ड पत्र्याच्या चौदा पायऱ्या: हे सगळे मिळून अडीचशे किलोच्या आसपास जाते, कठडा वेगळा. मातीच्या भरावावर लाल सिमेंटची जमीन असलेल्या जुन्या घरात हे वजन दोन टोकांवर येते आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथली जमीन बसते. दोन्ही पायांखाली फूटभर लांब-रुंद आणि सहा इंच जाड काँक्रीट घाला, प्रमाण १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी).

जिन्यात सर्वांत जास्त पाय अडखळतो तो पहिल्या किंवा शेवटच्या पायरीवर, आणि कारण जवळजवळ नेहमी फरशी असते. जिना आधी बसतो, फरशी नंतर पडते. मसाला आणि टाईल मिळून खाली ३० ते ४० मिमी भरते, पहिला चढ १८० चा १४५ होतो आणि बाकीचे १८० च राहतात. पाय ही गोष्ट मोजतो, डोळा मोजत नाही. चढांमध्ये पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक नको. फरशीची तयार पातळी भिंतीवर रेघेने मारून घ्या आणि फॅब्रिकेटरला त्या रेघेपासून मोजायला लावा. अजून एक: सुतार इंचात बोलतो, फॅब्रिकेटर मिलिमीटरमध्ये. दोघे एकाच जिन्यावर काम करणार असतील तर कागदावर दोन्ही आकडे लिहून द्या.

शिडी म्हणजे बांबूची निसण नव्हे

कोंकणीत जिला निसण म्हणतात ती नारळ पाडायला ठीक. घरातल्या कायमच्या शिडीला वेगळे नियम लागतात. टेकवायच्या शिडीचा जुना हिशेब चारास एक असा: २७०० मिमी उंचीला पाय ६७५ मिमी बाहेर, म्हणजे सुमारे ७६ अंश. हा कोन चढायला बरा, पण हातात पितळेची समई घेऊन उतरायला वाईट. घरात जागा असेल तर ६८ ते ७० अंश घ्या, पाय मीटर ते १.१ मीटर बाहेर येतो. एवढ्या फरकाने गुडघे पायऱ्यांवर आपटत नाहीत.

पायऱ्या चपट्या हव्यात. घरात आपण अनवाणी असतो आणि पंचवीस मिमीच्या गोल पाइपवर तळपायाचा मध्य दुखतो. मग माणूस घाई करतो आणि घाईत घसरतो. चपला घालून चढणे त्याहून वाईट. पायरी ८० ते १०० मिमी रुंद, पुढची कडा किंचित गोल केलेली, पृष्ठावर दोन-तीन खाचा. २७०० चे दहा भाग केले की २७० मिमीवर एक अशा नऊ पायऱ्या येतात, दहावा भाग माळ्याची कडा.

लाकडाची करणार असाल तर उभे दांडे ४५ × ९५ मिमी, पायऱ्या ३२ मिमी जाड. पायरी दांड्यात १२ मिमी खाचेत बसवा आणि तीन ठिकाणी (खालच्या, मधल्या, वरच्या पायरीखाली) आरपार आटे पाडलेली सळई टाकून दांडे आवळा. ही सळई विसरली की पावसात फुगलेले लाकूड डिसेंबरात आकसते, खाचा सैल होतात आणि शिडी कुरकुरू लागते. सागवान उत्तम, जुना फणस चांगला, किंदळ आणि माट्टीही चालते, पण लाकूड पुरते वाळलेले हवे. साधे खिळे नकोत. समुद्राकडच्या हवेत ते वर्षा-दोन वर्षांत गंजून लाकडाला काळे करतात आणि पकड सोडतात. स्टेनलेस किंवा पितळी स्क्रू वापरा. शिडीचा पाय फरशीवर थेट टेकवू नका, पुसायचे पाणी लाकडाच्या टोकातून वर चढते. खाली कडाप्प्याचा छोटा तुकडा किंवा रबरी बूट द्या आणि बाजूला वाळवीची माती दिसते का, हे अधूनमधून बघत चला.

लोखंडाची असेल तर ४० × ४० मिमी, २ मिमी जाड चौकोनी पाइप मीटरला सुमारे २.४ किलो भरतो. माळ्याच्या कडेच्या वर जाणारे ३.६ मीटरचे दोन दांडे आणि ४५० × ८० × ४ मिमीच्या अकरा पट्ट्या धरल्या तर शिडी तीस किलोच्या घरात जाते. फॅब्रिकेटर किलोवर भाव लावतो, तेव्हा हा हिशेब घरी करून ठेवलेला बरा. तीस किलोची शिडी एकट्याने उचलून बाजूला ठेवता येत नाही, म्हणून ती हलवायची असेल तर ॲल्युमिनियम घ्या. ॲल्युमिनियम गंजत नाही हे खरे, पण त्याला लोखंडी नट-बोल्ट लावले की खाऱ्या दमट हवेत जोडापाशी पांढरी भुकटी जमते आणि भोक मोठे होते. मध्ये नायलॉनचा वॉशर हवाच.

स्टेनलेस म्हणून विकले जाते ते सगळे सारखे नसते. २०२ ग्रेड मांद्रे-हरमलसारख्या किनाऱ्यावर एका पावसाळ्यात चहाच्या डागांसारखी तांबूस होते. बिलावर ३०४ लिहून घ्या, आणि घर अगदी लाटांच्या समोर असेल तर ३१६. साध्या लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर इनॅमल. गॅल्व्हनाइज्ड पाइप वेल्ड केला की वेल्डपाशी जस्त जळते, तिथे झिंकचा रंग न लावता तसेच सोडलेले दिसले तर पैसे अडवा.

पडणे होते ते वरच्या टोकाला

शिडीची पायरी मोडून माणूस पडल्याचे क्वचित घडते. शिडी घसरते, किंवा वर गेल्यावर धरायला काही नसते. गुळगुळीत टाईल, जुलैतली ओल आणि दोन वर्षांत कडक झालेला रबरी बूट, एवढ्यावर पाय सुटतो. उपाय खाली नाही, वर आहे. भोकाच्या कडेच्या तुळईला २५ मिमी जाडीची स्टेनलेस सळई दोन क्लँपनी बसवा आणि शिडीच्या दोन्ही दांड्यांना वर आकडे लावा. आकडा सळईत अडकला की शिडी मागे घसरत नाही आणि कडेलाही सरकत नाही. काढून भिंतीवर टांगता येते, हा पोरे असलेल्या घरात मोठा फायदा. जिना टांगून ठेवता येत नाही.

टेकवलेली शिडी कडेच्या वर मीटरभर गेली पाहिजे, म्हणजे वर पाऊल टाकताना धरायला मिळते. पण उतरत्या छपराखाली मीटर कुठून आणणार? तिथे भोकाच्या दोन्ही बाजूंना बत्तीस मिमी पाइपची मूठ बसवा. उंची मिळत असेल तर ९० सेंटिमीटर उभी, नसेल तर तक्तपोशीवर बोल्ट केलेली ४५ सेंटिमीटरची कमान. मुठीवर माणसाचे सगळे वजन येते, तेव्हा ती तक्तपोशीच्या फळीला नको, तुळईलाच हवी.

भिंतीला काही बसवायचे असेल तर चिऱ्याशी गाठ आहे हे विसरू नका. जांभा काँक्रीटसारखा नाही. नेहमीचा फास्टनर आवळताना पसरतो, चिऱ्याची भोके भुगा होतात आणि आज घट्ट वाटलेला बोल्ट महिन्याने हाताने फिरतो. हातोडा-ड्रिलही जपून: भोक पाडताना फक्त फिरवा, ठोकू नका. रासायनिक चिकटीचा अँकर जाळीच्या नळीसकट वापरा, निदान १०० ते १२० मिमी खोल, आणि चिऱ्याच्या मध्यावर. मातीच्या सांध्यात भोक पाडले तर काहीच धरत नाही. दुसरा आणि जुना उपाय म्हणजे आरपार बोल्ट, पलीकडे १०० × १०० × ६ मिमीची पट्टी. बाहेरून दिसते, पण सुटत नाही.

भोकावरच्या झडपेचे लाकूड बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन दर्जाच्या प्लायचे घ्या. साधा कमर्शियल प्लाय दमट हवेत फुगतो आणि झडप ऐन चवथीच्या आधी, मखर काढायच्या वेळी, अडकून बसते. चारही बाजूंना ४-५ मिमी फट सोडा. १२०० × ७०० मिमीची १८ मिमी प्लायची झडप दहा किलोच्या आसपास असते. ती डोक्याने ढकलून उघडायची वेळ येऊ नये, म्हणून झडप उचलून धरणारा गॅसचा दांडा लावा किंवा दोन तुकड्यांत करा. उघडी झडप भोकाच्या मागच्या बाजूला उभी राहील अशी बिजागरी दिली तर तिचाच कठडा होतो. उरलेल्या उघड्या बाजूंना कठडा हवाच, कारण माळ्यावर सामान शोधताना माणूस मागे सरकतो, आणि मागे भोक असते.

दिव्याचे बटण खाली ठेवा. अंधाऱ्या माळ्यावर विंचू किंवा उंदरांमागे आलेली धामण आधी दिसली तर बरे, आणि एका हातात टॉर्च असेल तर शिडीला एकच हात उरतो. दिवसासाठी दोन काचेची कौले पुरतात. खालच्या खोलीत पंखा असेल तर शिडी त्याच्या पात्यांपासून चार फूट लांब.

घडीची शिडी, झडपेत दुमडून राहणारी, दिसायला छान. बाजारातल्या बऱ्याचशा २.८ मीटर उंचीपर्यंतच्या असतात, आणि जुन्या गोमंतकीय घरात माळा त्याहून वर असतो. घेण्याआधी फरशीपासून तक्तपोशीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. तिच्या स्प्रिंगांना मे अखेरीस तेल द्यायचे, नाहीतर सप्टेंबरात त्या किरकिरतात आणि मग एके दिवशी झडप धाडकन खाली येते.

मधला मार्ग

दोन्हींच्या मध्ये एक प्रकार आहे तो फारसा सुचवला जात नाही: एकाआड एक कापलेल्या पायऱ्यांचा तिरका जिना. डाव्या पायाची पायरी डावीकडे रुंद, उजव्या पायाची उजवीकडे. कोन ५६ ते ६० अंश. २.७ मीटरला २२५ मिमीचे बारा चढ, अकरा पायऱ्या, प्रत्येकी १५० मिमी पुढे, म्हणजे जमिनीवर फक्त १.६५ मीटर. पाऊल प्रत्येक वेळी दुप्पट जागेवर पडते, म्हणून समोर तोंड करून उतरता येते. शिडीवर ते जमत नाही. तोटा असा की सुरुवात नेहमी ठरलेल्या पायाने करावी लागते. घरातल्यांना सवय होते, पाहुण्यांना होत नाही, आणि सत्तरीच्या आजीला तर मुळीच नाही. दोन्ही बाजूंना धरायला दांडा द्या.

गोल जिना वर्तुळात कमी जागा खातो असे वाटते, पण १.५ मीटरपेक्षा लहान व्यासाचा करू नका. गोल जिन्यावरून ट्रंक वर जात नाही. फळीही जात नाही.

फ्लॅटमध्ये पणजी-पर्वरीकडे न्हाणीघरावरचा सात फुटांवरचा माळा असतो, तिथे जिन्याचा प्रश्नच नाही. वर रुंद फळी असलेली पाच पायऱ्यांची ॲल्युमिनियम शिडी घ्या. फळीवर उभे राहिल्यावर माळ्याची कडा कमरेशी यावी. तो ७५ मिमीचा स्लॅब बहुधा भिंतीतून बाहेर आलेला असतो. त्याच्या मुळाशी वरून ड्रिल करू नका, सळया तिथेच असतात.

मग ठरवायचे कसे

हातात काय नेणार आणि वर्षातून किती वेळा, हे लिहून काढा. मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, वर चढते: कोकम, मिरच्या, तांदूळ. चवथीला मखर आणि समया खाली येतात. दिवाळीला कंदील. एवढेच असेल तर वर्षातून आठ-दहा फेऱ्या, आणि त्यासाठी पंचवीस चौरस फूट माळा गमावण्यात अर्थ नाही. शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांतले तीन नेहमी टेकलेले हवेत, तेव्हा जड वस्तू हातात न्यायचीच नाही. वर आढ्याजवळच्या बाराला एक कप्पी बांधा, दोर सोडा, खाली एक माणूस. तांदळाची पोती अशी वर जातात.

रोज वर जायचे असेल, कोणी वर झोपणार असेल, किंवा घरात साठीपुढची माणसे स्वतः वर जाणार असतील, तर जिना. तेव्हा ६० अंशांचा काहीतरी करून त्याला जिना म्हणू नका. आणि एक गोष्ट आधी बघा: जिना झाला की माळ्याचा वापर बदलतो. नारळांसाठी घातलेल्या तुळयांवर पलंग, कपाट, पाहुणे येतात. राहत्या खोलीसाठी चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. जुन्या तुळया तो पेलतील का, हे जिन्याची ऑर्डर देण्याआधी इंजिनियरला विचारा. साठवणीचा माळा खोली म्हणून वापरायला काढला की पंचायतीत किंवा पालिकेत आराखड्याचा प्रश्नही येतो. कौलाखाली एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन वाजता वर बसून बघा, झोपायची खोली हवी आहे का ते तिथेच कळेल.

जिन्याखाली कपाट करायचा मोह होतो. करा, पण दारे जाळीची ठेवा. बंद प्लायच्या दारांमागे जुलैत चामड्याच्या चपलांवर हिरवी बुरशी धरते आणि तीच मग जिन्याच्या लाकडावर पसरते.